कांजिण्या अंगावर, शिंका नाकात आणि खोलीत कडुलिंबाची धुरी

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझं वय ३४. फुलेवाडीच्या पुढे शेताला लागून आमचं घर आहे. दर वर्षी शिवरात्रीच्या आसपास माझं नाक सुरू होतं. शिंका, डोळ्यांना खाज, आणि शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं की छाती घरघरते. रात्री पंप घ्यावा लागतो. यंदा त्यातच मुलाला शाळेतून कांजिण्या आल्या. तो बरा झाला आणि पंधरा दिवसांनी मला धरलं. सोमवारी पोटावर दोन-तीन डाग दिसले, मला वाटलं पित्त उठलं. आज बुधवार, तर तोंडावर, डोक्यात, घशातसुद्धा फोड आहेत. ताप आहे, शिंका थांबत नाहीत.

गेल्या वर्षी ओळखीच्या मेडिकलमधून आणलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या घरात शिल्लक आहेत. त्यांनी दोन दिवसांत सर्दी, दम, खाज सगळं थांबतं. त्या सुरू करू का? सासूबाई म्हणतात, देवी आल्यात, औषध नको, अंघोळ नको, घरात फोडणी नको. खोलीत सकाळ-संध्याकाळ कडुलिंबाच्या पाल्याची धुरी देतात. त्या धुरानं मला दम लागतो, पण त्यांना दुखवायचं नाही. माझ्या नणंदेला सातवा महिना आहे, पुढच्या आठवड्यात तिचं डोहाळजेवण आमच्याकडे ठेवलंय. ते पुढे ढकलावं का? रविवारी ती दिवसभर आमच्याकडेच होती, पण तेव्हा मला काहीच झालं नव्हतं, त्यामुळे त्याची काळजी नाही.

एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून आधी तुम्हाला फोनवर निरोप पाठवला. त्यात तीनच गोष्टी होत्या: त्या पांढऱ्या गोळ्या घेऊ नका, खोलीतली धुरी आत्ता थांबवा, आणि नणंदेला आजच्या आज तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन करायला सांगा. आता सावकाश लिहिते, कारण या दिवसांत तुमच्यासारखी आणखी काही घरं असणार.

नणंदेपासूनच सुरुवात करते. कांजिण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस त्या पसरवत असतो. तुमचा पहिला डाग सोमवारचा. म्हणजे रविवारी तुम्ही दोघी शेजारी बसून जेवलात, तेव्हा तुमच्या श्वासातून विषाणू बाहेर पडत होता. हा आजार नुसत्या शिवाशिवीनं नाही, एका खोलीतल्या हवेतूनही लागतो. तुमची चूक काहीच नाही, हे कुणालाच दिसलं नसतं. पण काळजी नाही असं मात्र म्हणता येणार नाही.

प्रश्न एकच आहे: तुमच्या नणंदेला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का, किंवा त्यांची लस झालीय का? आल्या असतील तर बहुतेक वेळा पुन्हा येत नाहीत. आणि याचं उत्तर घरात सगळ्यात पक्कं कुणाला माहीत असणार? तुमच्या सासूबाईंना. लेकीला कधी काय आलं होतं, किती दिवस अंथरुणावर होती, हे आईच्या लक्षात असतं. त्यांनाच विचारा. आठवत नसेल किंवा आल्या नसतील, तर नणंदेची रक्ततपासणी करून शरीरात प्रतिकारशक्ती आहे का ते बघतात. नसेल तर संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत एक तयार प्रतिपिंडांची सुई देता येते, आणि ती जितकी लवकर तितकी चांगली. ती मिळाली नाही तर डॉक्टर विषाणूविरोधी गोळ्यांचा विचार करतात. गरोदर बाईला कांजिण्या आल्या तर त्या फुप्फुसात उतरण्याची भीती जास्त असते, म्हणून ही घाई. एक मात्र सांगून ठेवा: तपासणीला जाताना आधी फोन करून जा म्हणावं. तिथे बाहेर बाकावर इतर गरोदर बायका बसलेल्या असतात.

डोहाळजेवण पुढे ढकला. तुमच्या शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत तुम्ही इतरांना आजार देऊ शकता. साधारण पुरळ उठल्यापासून पाच ते सात दिवस, कधी त्याहून जास्त. आणि नणंदेलाच लागण झाली असेल तर ती दिसायला दहा ते एकवीस दिवस जातात. तोवर तिनंही बायका जमवू नयेत.

आता त्या गोळ्या. पाकिटावरचं बारीक नाव वाचा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकोर्ट यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉईड आहे. दोन दिवसांत सर्दी, दम आणि खाज तिन्ही थांबवणारी बारीक गोळी बहुतेक वेळा तीच निघते. स्टेरॉईड वाईट औषध नाही, दम्याच्या मोठ्या झटक्यात ते जीव वाचवतं. पण ते शरीराचा प्रतिकार खाली बसवून आराम देतं, आणि नेमका तोच प्रतिकार आत्ता तुमच्या अंगात कांजिण्यांच्या विषाणूशी झुंजतोय. त्याला बसवलं तर विषाणू फुप्फुसात, यकृतात मोकळा फिरतो. एखादी गोळी घेऊन झाली असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांना लपवू नका. स्टेरॉईड डोळ्यांच्या काही थेंबांमध्ये आणि खाजेच्या मलमांमध्येही असतं. घरात पडलेलं कुठलंही जुनं मलम फोडांवर लावू नका, जुने थेंब डोळ्यांत घालू नका.

याची दुसरी बाजूही तितकीच जपायची आहे. संधिवात किंवा दुसऱ्या कुठल्या आजारासाठी जे महिनोन्‌महिने स्टेरॉईडच्या गोळ्या घेतात, त्यांनी हे वाचून त्या एकदम बंद करू नयेत. तेही धोक्याचं आहे. कांजिण्यांच्या रुग्णाजवळ आले किंवा पुरळ दिसलं, तर त्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि ताई, तुमचा पंप चालूच ठेवा. पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, त्याची मात्रा अगदी थोडी असते. तो बंद करून दमा उसळला तर मग तोंडानं स्टेरॉईड द्यायची वेळ येईल, आणि तेच आपल्याला टाळायचं आहे. नाकात मारायचा फवारा वापरत असाल तर तोही डॉक्टरांना दाखवून ठेवा.

तुमच्या वयात कांजिण्या मुलापेक्षा जड जातात. आपल्याकडच्या उष्ण हवेत लहानपणी निसटलेले पुष्कळ जण असे मोठेपणी सापडतात. त्यांच्यासाठी असायक्लोव्हिर नावाचं विषाणूवरचं औषध आहे. पुरळ उठल्यापासून पहिल्या चोवीस तासांत सुरू केलं तर त्याचा खरा उपयोग होतो. तुमचे ते तास पित्त समजण्यात गेले. तरीही तुमचं वय आणि छातीचा त्रास बघून डॉक्टर ते देण्याचा विचार करतील, म्हणून उद्यावर ढकलू नका. ते चालू असताना पाणी भरपूर प्या.

त्या पित्ताबद्दल थोडं सांगते, कारण ॲलर्जी असलेल्या बहुतेक सगळ्यांची इथे गफलत होते. पित्ताच्या गांधी उठतात, खाजतात, आणि चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून जातात. दंडावरच्या मावळतात, मांडीवर नव्या दिसतात. कांजिण्यांचा डाग हलत नाही. सकाळी तांबडा ठिपका दिसतो, दुपारी तो बोटाला उंच लागतो, आणि रात्रीपर्यंत त्याच्यावर शिजलेल्या साबुदाण्यासारखा पाण्यानं टचटचलेला फोड येतो. त्याच पोटावर एकाच वेळी कोरे ठिपके, भरलेले फोड आणि खपल्या असं सगळं सोबत दिसलं, तर दुसरं नाव शोधायची गरज नाही. टॉर्च लावून केसांच्या मुळाशी आणि तोंडात टाळूवरही बघा. पित्त तिथे असे फोड आणत नाही.

खाज आणि शिंका या दोन्हींवर एकच औषध चालतं, ही त्यातल्या त्यात सोय. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिनची गोळी नाकालाही उतार देते आणि फोडांच्या खाजेलाही. पण इथेच डबल होतं. तुमच्यासारख्या दर हंगामाच्या रुग्णांकडे बहुधा माँटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन एकत्र असलेली गोळी असते. ती चालू असताना खाजेसाठी वेगळी सेटिरिझिन घेतली तर एकच औषध दोनदा पोटात गेलं. दिवसभर गुंगी, तोंडाला कोरड, आणि उठून चालताना तोल जाणं. सर्दीच्या तयार गोळ्यांचंही तसंच. त्यांच्यात पॅरासिटामॉल असतं. तापासाठी पॅरासिटामॉल वेगळं घेतलं की मात्रा नकळत वाढते आणि भार यकृतावर पडतो. म्हणून ताटात घरातली सगळी पाकिटं ओता, आणि ते ताट डॉक्टरांपुढे ठेवा. माझ्या दवाखान्यात मी हे नेहमी करायला लावते.

तापाला पॅरासिटामॉल एवढंच, डॉक्टर सांगतील त्या अंतरानं. अॅस्पिरिन नको. मुलांना तर कांजिण्यांत ते चुकूनही द्यायचं नाही, त्यानं मेंदू आणि यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही नको, फोडांत खोल जंतुसंसर्ग होण्याशी त्याचा संबंध दिसलाय. अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत ते पॅरासिटामॉलसोबत मिसळलेलं असतं, तेव्हा इथेही पाकीट वाचायचंच.

आता ज्याची मला तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. काही वर्षांपूर्वी, ऊसतोडीचा हंगाम भरात असताना, ट्रॅक्टर चालवणारा एक तिशीतला गडी माझ्याकडे आला. अंगभर कांजिण्या, चौथा दिवस. बाकावर बसताना त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले होते, आणि एक वाक्य बोलायला तीनदा थांबत होता. मी विचारलं, दम कधीपासून लागतोय? म्हणाला, "मॅडम, ते दर वर्षीचंच आहे, धुळीचं." त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तर आकडा ८८ आला. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांवर कांजिण्यांचा न्यूमोनिया दिसला. तो बिडी ओढायचा, त्यानं धोका आणखी वाढतो. दहा दिवस दवाखान्यात काढून तो घरी गेला. पण तीन दिवस त्यानं जुन्या आजाराच्या नावावर नवा आजार सोसला होता, ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

तुम्हीही असंच कराल अशी मला भीती आहे, कारण तुम्हाला घरघर ओळखीची आहे. तर फरक लक्षात ठेवा. तुमच्या नेहमीच्या त्रासात डोळे-नाक खाजतं, पाणी वाहतं, पंप घेतला की अर्ध्या तासात छाती मोकळी होते, आणि ताप नसतो. कांजिण्यांचा न्यूमोनिया पुरळ उठल्यापासून पहिल्या आठवड्यात येतो. कोरडा खोकला, ताप, श्वास घेताना छातीत दुखणं, आणि पंपानं न हटणारा दम. कोविडच्या काळात घेतलेलं बोटाचं यंत्र कपाटात असेल तर काढा, सेल बदला, दिवसातून तीन-चारदा लावून आकडा लिहून ठेवा. ९४ च्या खाली गेला, किंवा आकडा बरा असूनही नेहमीसारखं वाटत नसेल, तर रात्र असली तरी दवाखाना. तसंच मान आखडली, बोलणं असंबद्ध झालं, चालताना झोकांड्या जायला लागल्या, उतरलेला ताप पुन्हा चढला, किंवा एखादा फोड लाल-गरम होऊन ठणकायला लागला, तरी थांबायचं नाही.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. त्या ज्याला देवी म्हणतात तो वेगळाच आजार होता, आणि तो खरोखर भयंकर होता. त्यांच्या लहानपणी गल्लीत देवीच्या व्रणांचे चेहरे असायचे, काहींची दृष्टी गेलेली असायची. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगातूनच देवी गेल्याचं जाहीर केलं. कांजिण्या हा दुसऱ्या विषाणूचा आजार आहे. पण ज्या बाईनं लहानपणी ते पाहिलंय, तिच्या हातून अंगावर फोड दिसताच धुरी निघते, ती मायेपोटी. त्यांना तुमचं काही वाकडं व्हायला नको आहे. तुम्ही आणि त्या एकाच बाजूला आहात, एवढं मनात धरून बोललात तर निम्मं काम होईल.

धुरी मात्र बंदच. ज्याची छाती पाचटाच्या धुरानं घरघरते, त्याला लिंबाच्या पाल्याच्या धुरानं कसं बरं वाटेल? ओला पाला तर जास्तच धूर करतो. ऊद, धूप, कापूर, डासांची अगरबत्ती हेही तुमच्या खोलीत नको. लिंबाचा पाला दाराला बांधू द्या. अंथरुणात मात्र नको: रस्त्याकडेच्या झाडाची धूळ आणि आत्ताच्या दिवसांतला मोहर त्याच्यासोबत उशीवर येतो. पाला धुऊन, उकळून, गाळलेलं पाणी अंघोळीच्या बादलीत घातलं तर माझी हरकत नाही. झोंबलं तर साध्या पाण्यावर या. अंघोळ रोज करा, कोमट पाण्यानं, न घासता, आणि पंचानं टिपून घ्या. घामट अंगावर फोड जास्त खाजतात आणि चिघळतात. फोडणी नको ही त्यांची अट मात्र मी दोन हातांनी मान्य करीन. लसणीची आणि लाल तिखटाची फोडणी बसली की आपल्याकडे अख्खं घर खोकतं, मग तुमचं काय होईल! तसाही घशात फोड असताना तांबडा रस्सा घशाखाली उतरणार नाही. ताक आणि ज्वारीच्या कण्या, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी, असं गार-कोमट खा. टेंबलाई देवीला पाणी घालायचा नवस त्यांनी बोलला असेल तर तो बरं झाल्यावर सगळ्यांनी मिळून फेडा, त्यानं औषधात काही आडवं येत नाही.

खिडकीचा पेच तुमच्यापुढे आहेच. आजाऱ्याच्या खोलीत हवा खेळती हवी, आणि तुमच्या ॲलर्जीला खिडकी बंद हवी. दुपारी रानात काही पेटलेलं नसताना, शेताच्या उलट बाजूची खिडकी उघडा. जाळ दिसला की लावून घ्या. केर काढायचा तर ओल्या फडक्यानं, आणि तो दुसऱ्या कुणीतरी. चादरी आणि कपडे रानाकडच्या दोरीवर वाळवू नका. जमलं तर शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. पाचट सरीत पसरून कुजवलं तर जमिनीला खत होतं आणि पाणीही कमी लागतं, हे त्यांना पटणारं आहे.

डोळे चोळू नका, हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड. मलाही फाल्गुनात हा त्रास होतो, म्हणून कळतं. नखं आजच कापा. मऊ सुती फडकं गार पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा, दिवसातून हवं तितक्यांदा. नाक जोरात शिंकरू नका, कडक कागदी रुमाल नको, नाकाच्या टोकावरचा फोड त्यानंच फुटतो आणि व्रण राहतो. मऊ रुमालानं टिपा. अंगाला कॅलामाईन चालेल, डोळ्यांच्या कडेला आणि तोंडात नको. डोळा लाल होऊन दुखायला लागला किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

मिस्टरांचं तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांना कांजिण्या येऊन गेल्यात का, हेही सासूबाईच सांगतील. आल्या नसतील तर संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस घेतली तर आजार टळतो किंवा हलका जातो, त्यांना आजच विचारून घ्यायला सांगा. ही लस सरकारी लसीकरणात नाही, खाजगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते, दोन डोस असतात. गरोदर बाईला ती देत नाहीत, म्हणून नणंदेसाठी तो मार्ग नाही. तुमचा मुलगा रंगपंचमीसाठी हट्ट करेल. त्याच्या सगळ्या खपल्या पडून खाली नवी कातडी आली असेल तरच त्याला बाहेर सोडा, आणि कोरडा रंग त्यानं घरात आणू नये.

पुढच्या वर्षी नाक सुरू व्हायची वाट बघू नका. शिवरात्रीच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन नाकाचा फवारा आणि रोजचा पंप ठरवून घ्या, म्हणजे बारीक पांढऱ्या गोळीची आठवणच होणार नाही.

सासूबाईंचं उत्तर काय आलं आणि नणंदेच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, ते मला आज रात्रीच कळवा. आणि त्या गोळ्यांच्या पाकिटावर काय नाव होतं, तेही त्यात लिहा.